४१८ क्रमांकाचं फाटक

सोमवार, ३ जून

समितीने आज होकार दिला. खोऱ्यातल्या सात संस्था यापुढे एकाच व्यवस्थेवर चालतील आणि ती व्यवस्था मी उभी करणार. होबार्टच्या कंपनीने सहा महिने मागितले होते. मी चार आठवडे सांगितले.

ट्रिश या सात संस्थांच्या जाळ्याची प्रमुख. बैठक संपल्यावर कप विसळता विसळता म्हणाली, "गार्थ, चार आठवड्यांत? जेवणार कधी, झोपणार कधी?"

"कंपनीवाले जेवतात आणि झोपतात. म्हणून त्यांना सहा महिने लागतात."

"बरं बाबा, तूच एक शहाणा," म्हणाली आणि उरलेले स्कोन माझ्या डब्यात भरून दिले.

काम काय आहे ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण नंतर लोक सोयीने विसरतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करायचा आणि ठीक आहात ना एवढंच विचारायचं. फोन उचलला नाही तर तासाभरात कोणीतरी घरी जाऊन बघायचं. हे सात संस्था सात तऱ्हांनी करतात आणि एकीची यादी दुसरीला ठाऊक नसते. जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, वणवा आला तेव्हा जीव्हस्टनच्या एका आजोबांना "घर सोडा" म्हणून पाच संस्थांचे पाच फोन गेले, आणि पलीकडच्या टेकडीवरच्या बाईला एकही नाही. ती अंगणात पाण्याची नळी घेऊन उभी होती. वाचली, ती वारा फिरला म्हणून.

माझ्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. बावीस वर्षं सफरचंदांच्या शेडमध्ये प्रतवारीची यंत्रं दुरुस्त केली. वजन बघून फळ आपोआप योग्य खणात टाकणारं संगणकी यंत्र आलं, तेव्हा त्याची चारशे पानांची पुस्तिका मी स्वयंपाकघरात बसून दोनदा वाचून काढली. जे काही येतं ते तिथून आलेलं आहे. एक फळ चुकीच्या खणात गेलेलं मला कधी खपलं नाही.

गुरुवार, ६ जून

फ्रँकलिन गावातल्या चर्चच्या दालनात जाऊन त्यांची यादी घेतली. चिटणिसाने टंकलेली प्रत दिली: नाव, पत्ता, फोन. बेचाळीस माणसं. पण खरी यादी आयव्हीमावशीच्या वहीत आहे असं तिथे सगळे सांगतात.

आयव्हीमावशी माझ्या आईची मैत्रीण. एकोणऐंशीची आहे. सतरा वर्षं चर्चतर्फे सकाळचे फोन तीच करते. वही पाहिली आणि हात टेकले. नावांप्रमाणे लावलेली नाही, तारखांप्रमाणे नाही, तर रस्त्यांप्रमाणे आहे; पूर्वी दुधाची गाडी ज्या क्रमाने जायची त्या क्रमाने. समासात काय वाटेल ते. 'बुधवारी केस धुते, उशिरा करावा.' 'रडली तर रडू द्यावं.' 'मुलाबद्दल विचारू नये.'

"मावशी, हे संगणकात कुठल्या रकान्यात घालू मी?"

"घालू नकोस. मला माहीत आहे ना."

"आणि तू आजारी पडलीस तर?"

"मेल्या, मी कशाला आजारी पडतेय? तू आधी बस. किती रोड झालायस. आई असती तर मलाच बोलली असती."

बसलो नाही. अजून सहा संस्था बाकी होत्या.

शुक्रवार, १४ जून

सात याद्या मिळून २११ नोंदी. पण माणसं तितकी नाहीत. एकच माणूस दोन-तीन याद्यांत आहे आणि प्रत्येक यादीत जरा वेगळा. दुबार नोंदी शोधण्यासाठी नियम ठरवला: आडनाव, नावाचं पहिलं अक्षर, पत्ता आणि फोन, या चारपैकी तीन जुळले तर माणूस एकच. नियम साधा असावा आणि सगळ्यांना सारखा लागू असावा. प्रतवारीच्या यंत्राचं तेच होतं.

आमच्याकडच्या पत्त्यांवर माझा पूर्ण भरवसा आहे. गावाबाहेरच्या रस्त्यांवर क्रमांक अंतरावरून पडतो. ४१८ म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून चार किलोमीटर एकशे ऐंशी मीटर. यात चुकायला जागाच नाही. हे मी ट्रिशला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तीस वर्षं इथे राहते, मला वाटायचं ते असेच आकडे टाकतात."

मंगळवार, १८ जून

१६३. एवढीच माणसं आहेत खरी. अठ्ठेचाळीस नोंदी दुबार निघाल्या. ज्या अकरा जोड्यांत फोन नंबर वेगवेगळे आहेत त्या हाताने तपासणार. अंदाजाने काही करायचं नाही.

बुधवार, १९ जून

अकरा जोड्या संपवल्या. उदाहरणादाखल एक लिहितो, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर किती बारकाईने काम केलं ते दाखवता येईल.

मिसेस डी. हॅलम, ४१८ कूपर्स रोड: चर्चच्या यादीत. मिसेस डी. हॅलम, ४१८ कूपर्स रोड: समाजकेंद्राच्या यादीत, शेरा 'खुब्याचं ऑपरेशन झालंय'. नंबर दोन. समाजकेंद्राकडचा नंबर लावला. आठ वेळा वाजू दिला (नियम आठचा), कोणी घेतला नाही. जुना, बंद पडलेला असणार. मग चर्चकडचा लावला. तिसऱ्या घंटेला उचलला.

"मिसेस हॅलम का? ४१८ कूपर्स रोड?"

"हो. कोण बोलतंय?"

मी सांगितलं. विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोणी राहतं का घरात?"

"या घरात मी एकटीच असते."

आवाज खणखणीत. दोन नोंदींची एक केली, चालू नंबर ठेवला, खुब्याचा शेरा त्यात आणला. सात मिनिटं लागली.

सोमवार, २४ जून

आज फोन करणाऱ्यांचं शिक्षण. चौदा जण आले. पडदा कसा वाचायचा, उत्तर आल्यावर काय दाबायचं, न आल्यास काय. कॅथ सगळ्यांत चटपटीत निघाली. पूर्वी ती दवाखान्यात स्वागतकक्षात होती.

आयव्हीमावशी पहिल्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसली होती. मी नवीन यादी दाखवत होतो तर मध्येच, "गार्थ, त्या हॅलमांचं तुला सांगायचं राहिलंय—"

"आहेत मावशी यादीत. तपासलंय."

"तसं नाही रे, त्यांचं जरा—"

"मावशी, सगळ्यांचं सगळं ऐकत बसलो तर संध्याकाळ होईल. आणि एक सांगतो, एक तारखेपासून वही घेऊन बसायचं नाही. कोणीच नाही. दोन ठिकाणी नोंदी राहिल्या की घोळ होतो."

काही जण हसले. तिने वही पिशवीत घातली, चष्मा पुसला. चहाच्या वेळी पाहिलं तर खुर्ची रिकामी.

माझं म्हणणं योग्यच होतं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं कदाचित. रुसली असेल. येईल.

सोमवार, १ जुलै

पहिला दिवस. आठला सुरुवात, नऊ चाळीसला १६३ फोन पूर्ण. चार जणांनी उचलला नाही. तिघं बाहेर गोठ्यात किंवा कोंबड्यांत, चौथे मिस्टर क्वार्मबी न्हाणीघरात पडलेले. वीस मिनिटांत माणूस पोचला. मनगट मोडलंय, बाकी ठीक. ट्रिश माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी पडद्याकडे बघत राहिलो.

आयव्हीमावशी आली नाही. कॅथ म्हणाली, तिला बरं नाहीये. मग हेच तर मी म्हणत होतो.

सोमवार, ८ जुलै

तक्रार क्र. ३१. समाजकेंद्रात कोणीतरी निरोप घेतला: 'हॅलम, कूपर्स रोड. सकाळचा फोन आठवडाभर येत नाही.'

नोंदी काढल्या. एक तारखेपासून रोज फोन गेलाय, रोज उचलला गेलाय. आठ दहा, आठ बारा, आठ अकरा. तरीही खात्री करावी म्हणून स्वतः लावला.

"मिसेस हॅलम, सकाळचा फोन येतो ना तुम्हाला?"

"येतो की. रोज येतो."

"तुम्ही तक्रार केली होती, येत नाही म्हणून."

"मी? छे. मी कशाला तक्रार करेन?"

"बरं, बरं. असू दे."

वय झालं की असं होतं. माझ्या आईचंही शेवटी असंच झालं होतं, जेवून उठली की विचारायची, जेवण कधी. तक्रार बंद केली. सहा मिनिटं. आतापर्यंतच्या एकतीस तक्रारींची सरासरी चौदा मिनिटं आहे.

गुरुवार, ११ जुलै

लॉन्सेस्टनच्या जाळ्याकडून पत्र. आमची व्यवस्था बघायला यायचंय म्हणतात. 'ज्यांनी ही रचली त्या तज्ज्ञांशी बोलायला आवडेल.' तज्ज्ञांशी! दोनदा वाचलं. ट्रिशला फोनवरही वाचून दाखवलं.

स्लीपिंग ब्युटीच्या डोंगरावर खालपर्यंत बर्फ उतरलंय. यंदाच्या हिवाळ्यात लाकडं कमी पडणार.

गुरुवार, १८ जुलै

सकाळी साडेअकराला ट्रिशचा फोन. रुग्णवाहतूक संस्थेचा चालक मिसेस हॅलमना इस्पितळात तपासणीला न्यायला गेला होता, कूपर्स रोडला. दार वाजवलं, मागून गेला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. ती जमिनीवर. गेलेली. दोन-एक दिवस झालेले.

मी ट्रिशला म्हणालो, "शक्यच नाही."

"गार्थ—"

"तो चुकीच्या घरी गेलाय. मिसेस हॅलमनी आज सकाळी आठ बाराला फोन उचललाय. माझ्यासमोर आहे. काल आठ दहाला. परवा—"

"गार्थ, ऐक ना रे."

"तू ऐक. माझ्याकडे रोजची नोंद आहे. त्याला सांग, पत्ता नीट बघ. ४१८ म्हणावं, चार किलोमीटर एकशे ऐंशी—"

 मी नोंदी वाचत राहिलो, चौदा तारखेपासून, एकेक. ती थांबली. मग म्हणाली, "तिथे दोन घरं आहेत. एका फाटकात."

क्रमांक फाटकाला असतो. घराला नसतो.

शुक्रवार, १९ जुलै

डॉरीन हॅलम आणि डॅफ्नी हॅलम. दोन सख्ख्या भावांच्या विधवा. फाटकातून आत गेलं की खालच्या घरात डॉरीन, तिला चर्चचा फोन जायचा. वर चढून गेलं की डॅफ्नी, तिला समाजकेंद्राचा. खुब्याचं ऑपरेशन डॅफ्नीचं. मी तिला यादीतून पुसून टाकलं. एकोणीस जूनला, सात मिनिटांत.

पोलीस शिपाई म्हणाला, स्वयंपाकघरात दिनदर्शिका आहे. ज्या दिवशी सकाळचा फोन आला नाही त्या दिवसावर तिने पेन्सिलीने छोटी फुली केलीय. एक जुलैपासून तेरापर्यंत. तेरा फुल्या. चौदाच्या चौकोनात काही नाही. म्हणजे तेराला रात्री किंवा चौदाला पहाटे पडली असणार. डॉक्टरांच्या मते मंगळवारपर्यंत जिवंत असावी.

मंगळवार म्हणजे सोळा. चौदा, पंधरा, सोळा. पूर्वीसारखा फोन गेला असता तर चौदालाच उचलला नसता आणि तासाभरात कोणीतरी गेलं असतं. हे मी चारदा मांडून पाहिलं. दर वेळी तेच येतं.

आठ तारखेची तक्रारही तिचीच. तिने फोन करून सांगितलं होतं की मला फोन येत नाही. आणि मी दुसऱ्याच बाईला विचारलं की येतो ना.

सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. पंधरा तारखेला कॅथने शेरा लिहिलाय: 'उत्तर आलं. खुबा बरा आहे म्हणाली.' डॉरीनला खुब्याचं काही नाहीये. नीट ऐकलं नसेल तिने. फोनवर म्हातारी माणसं होला हो करतात.

शनिवार, २० जुलै

काही नाही. लाकडं फोडली.

मंगळवार, २३ जुलै

आयव्हीमावशीकडे गेलो. तिनेच दार उघडलं, शाल गुंडाळून. खरंच आजारी होती, छातीत कफ. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"ये आत. थंडी आत येतेय."

तिने स्वतःहून वही काढली. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. 'डॉरीन हॅलम, खालचं घर. वर डॅफ्नी, तिला केंद्राचा फोन जातो. हिच्याकडे तिचं नाव काढायचं नाही.' आणि खाली बारीक अक्षरात: 'डॅफ्नी खुब्यामुळे हळू चालते. बारा घंटा वाजू द्याव्यात, कोणी नवीन आलं तर सांगणे.'

बारा. मी आठ वाजू दिल्या होत्या.

"त्या दिवशी तू हेच सांगत होतीस."

"हो."

"मग ओरडून का नाही सांगितलंस? माझी मानगूट धरून सांगायचं!"

तिने शाल आवळून घेतली. मग म्हणाली, "माझा अपमान झाला होता रे. मी घरी आले आणि म्हटलं, बघू दे आता याचं याला. मग ताप आला. तापात विसरले." वही मिटली. "मीही विसरले, गार्थ."

मला वाटलं होतं ती मला बोलेल. त्यासाठीच गेलो होतो. तिने सूप गरम केलं आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिली.

गुरुवार, २५ जुलै

डॅफ्नीचा अंत्यविधी. बाहेर गाडीतच बसलो. एकोणीस माणसं आत गेली. एकोणिसावी आयव्हीमावशी, काठी टेकत, रुग्णवाहतुकीच्या त्या चालकाच्या हाताला धरून. डॉरीन कोण ते मला ओळखता आलं नाही. तिचा फक्त आवाज माहीत आहे.

मंगळवार, ३० जुलै

समितीची बैठक. मी लिहून नेलं होतं: माझी चूक, नियम माझा, तपासणी माझी, तक्रार मीच बंद केली. व्यवस्था बंद करा आणि याद्या ज्यांच्या त्यांना परत द्या. मी बाजूला होतो.

कोणी ओरडलं नाही. एखाद्याने ओरडायला हवं होतं.

ट्रिश म्हणाली, "एक जुलैपासून तिघं जमिनीवर पडलेले वेळेत सापडले. मिस्टर क्वार्मबी, मिसेस टिलॅक, आणि डोव्हरचा तो म्हातारा मच्छीमार. जुन्या पद्धतीत त्यांतले दोघं कोणाच्याच यादीत नव्हते; आपण सुरू झाल्यावर त्यांनी नव्याने नाव दिलं."

"आणि चौथी?"

"चौथी तुझ्यावर आहे," ती म्हणाली. "माझ्यावरही. त्या तक्रारीचा कागद माझ्या टेबलावरून गेला, मी वाचलाही नाही. पण ते तिघं आहेत, गार्थ. त्यांचं काय करू मी? त्यांना सांगू, गार्थला वाईट वाटतंय म्हणून उद्यापासून फोन येणार नाही?"

मतदान झालं. चालू ठेवायची. मीच सांभाळायची. अट एकच: प्रत्येक फाटकाच्या आत स्वतः जाऊन यायचं. तेवढं तर मी जूनमध्येच करायला हवं होतं. बावीस वर्षं फळ हातात घेतल्याशिवाय मी यंत्रावर भरवसा ठेवला नाही, आणि इथे १६३ माणसांतलं एकही पाहिलं नव्हतं.

कॅथ दारात थांबली होती. डोळे सुजलेले. "मी रोज बोलत होते तिच्याशी. मला वाटायचं, किती छान बरी होतेय."

रविवार, ४ ऑगस्ट

कूपर्स रोडला गेलो. माझ्या घरापासून एकोणीस किलोमीटर. या रस्त्यावर आयुष्यात कधी आलो नव्हतो.

फाटकावर ४१८ ची हिरवी पाटी आणि एकच टपालपेटी. आत शिरल्यावर खालचं घर डावीकडे. वरच्या घराकडे जाणारी पायवाट गवताने बुजलेली. फक्त गाडीरस्ता वापरात होता, तो मागून वळसा घालून जातो. दोन घरांत साठ पावलं. मोजली.

डॉरीन हॅलम एक्क्याऐंशीची आहे. ताठ. दार उघडून माझ्याकडे नीट पाहिलं.

"फोनवाला तूच ना?"

"हो. गार्थ."

"दोनदा केलास. आवाज ओळखला. बस. चहात दूध?"

मी क्षमा मागायला सुरुवात केली. तिने हात वर करून थांबवलं. फळांचा केक कापला, ताटलीत ठेवला, समोर बसली. खिडकीतून वरचं घर समोरच दिसतं. पडदे ओढलेले.

"दोघं भाऊ चांगले होते," ती म्हणाली. "मग सफरचंदाला भाव उरला नाही आणि सरकारने झाडं उपटायला पैसे दिले. पंच्याहत्तर साल असेल. तिच्या नवऱ्याने घेतले, सगळी वरची बाग उपटली. माझ्या नवऱ्याने एक झाड काढलं नाही. म्हणाला, बापाने लावलेली आहेत. बोलणं बंद. मग नवरे गेले. आधी माझा, मग तिचा. आम्ही दोघींनी ते भांडण तसंच सांभाळलं, अगदी नीट."

"माझ्या नोंदीत तुम्ही दोघी एक झालात."

ती हसली. हसली म्हणजे नाकातून वारा सोडला. "डॅफ्नीला सांगितलं असतंस तर तिने तुला फाटकाबाहेर काढलं असतं."

मग ती खिडकीतून वर बघू लागली.

"ते धुराडं दिसतं ना? हिवाळ्यात रोज पहाटे मी बघायची. ती शेगडी पेटवायच्या आत माझी पेटलेली असली पाहिजे, एवढाच माझा हट्ट. चव्वेचाळीस वर्षं. तिचंही तेच चालायचं, मला ठाऊक आहे." कप बशीत ठेवला. "त्या रविवारी तिचा धूर निघाला नाही. मी म्हटलं, आज मी जिंकले."

मी केकची ताटली बाजूला ठेवली.

"सोमवारीही नाही. आणि आठला तुमच्या त्या बाईचा फोन आला. गोड आवाजाची. म्हणाली, मिसेस हॅलम, आज खुबा कसा आहे? माझा खुबा ठणठणीत आहे, गार्थ. याआधी तिने कधी विचारलं नव्हतं. तेव्हाच कळलं मला. हा फोन तिचा आहे, माझ्याकडे येतोय, आणि तिच्याकडे कोणाचाच जात नाहीये. उभ्या उभ्या सगळं कळलं. समोर धुराडं दिसत होतं."

"मग—"

"मग काय? 'ती मी नव्हे' म्हटलं असतं तर ती बाई म्हणाली असती, अगं बाई, मग जरा वर जाऊन बघता का? आणि मला जावं लागलं असतं. ती वाट चढून. तिच्या दारात उभं राहून हाक मारावी लागली असती." दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते तिने. "मी म्हटलं, बरा आहे. खुबा बरा आहे."

शेगडीत लाकूड कोसळलं. तिने उठून दुसरं घातलं नाही.

"सोमवारी ती जिवंत होती का?"

डॉक्टर काय म्हणाले ते तिला कोणी सांगितलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी म्हणालो, "ते नक्की सांगता येत नाही म्हणतात."

"आणि मी जे म्हटलं, ते कुठे लिहिलेलं आहे का? तुझ्या त्या यंत्रात?"

मी आयुष्यात एका नोंदीबद्दल खोटं बोललेलो नाही. शेडमध्ये मालक म्हणायचा, गार्थला विचारू नका, तो खरं सांगेल.

"नाही," मी म्हणालो. "तिथे फक्त 'उत्तर आलं' एवढंच असतं."

ती मान हलवत राहिली. केकचा अर्धा भाग कागदात बांधून माझ्या हातात दिला. फाटकापर्यंत सोडायला आली, त्या थंडीत, डोक्यावर काही न घेता. म्हणाली, सकाळचा फोन त्या बाईने नको करायला, तिचा आवाज ऐकवत नाही. तू करशील का?

सोमवार, १२ ऑगस्ट

अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या कार्यालयाचं पत्र. घटनेचा लेखी अहवाल आणि १ ते १८ जुलैच्या सर्व नोंदी जशाच्या तशा पाठवाव्यात.

अहवाल चार पानांचा झाला. नियम, अकरा जोड्या, आठ घंटा, तक्रार क्र. ३१. प्रत्येक वाक्यात कर्ता मीच ठेवला. 'नोंद एकत्रित झाली' असं एका ठिकाणी लिहिलं होतं, ते खोडून 'मी एकत्र केली' असं लिहिलं. माझ्या चुकीचा वाटा किती हे त्यांनी ठरवायचं आहे. अर्धा वाटा कमी करून घ्यायचं साधन माझ्या हातात आहे आणि ते मी अहवालात लिहिलेलं नाही.

नोंदी मात्र जशाच्या तशा जोडल्या. पंधरा जुलैचा शेरा अकराव्या पानावर आहे, खालून तिसऱ्या ओळीत. तो काढायला एक बोट पुरलं असतं. बराच वेळ ते बोट तिथे ठेवून बसलो. नाही काढता आला. एका नोंदीतून एक माणूस मी आधीच काढून टाकलंय.

ज्याला बघायचं त्याला दिसेल. तोवर मी डॉरीनला जे सांगितलं ते खरं आहे. आजवर माझ्या नोंदी माझ्याखेरीज कोणी वाचलेल्या नाहीत.

पाकीट टपालात टाकलं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

सकाळी आठला कूपर्स रोडला फोन लावला. नऊ दिवस मीच करतोय. रोज तिसऱ्या घंटेला उचलते. आज अकरा घंटा वाजल्या. उभा राहिलो, एका हाताने गाडीची किल्ली शोधू लागलो. बाराव्या घंटेला उचलला.

"मिसेस हॅलम?"

"हो, हो. आहे." धाप लागली होती. "बाहेर होते. वर गेले होते जरा. वाटेवरचं गवत कापायला घेतलंय."

"दमून जाल. मी रविवारी येतो, मशीन घेऊन."

"नको. माझी मी कापते. रोज थोडं."

 माझ्या पडद्यावर तिच्या नावासमोरची जागा रिकामी होती, दाबायची वाट बघत.

"ठीक आहात ना?" मी विचारलं. तेच तर विचारायचं असतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. मग, "आणि तू?"

खिडकीबाहेर पाहिलं. गोठलेलं दहिवर वितळत होतं. सगळ्या घरांतून धूर निघत होता.

"ठीक आहे," मी म्हणालो.